पाणी देणे (पोलादाला)

कोयता, विळा, छिन्नी, पहार अशी पोलादी हत्यारे भट्टीत तापवून, पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणे आणि मग तो कडकपणा बेताचा करणे, या कामाला लोहार ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ म्हणतात. कारखान्यात याचेच दोन भाग करतात: हार्डनिंग आणि टेंपरिंग. लोहाराने दोन्हींना एकच नाव ठेवले आहे, आणि ते बरोबरच आहे. कारण पहिल्या भागावर थांबलेले हत्यार घाव बसताच काचेसारखे तडकते.

पाणी प्रत्येक लोखंडाला चढत नाही. सारा खेळ कार्बनचा आहे. नरम लोखंडात कार्बन साधारण ०.२ टक्क्यांच्या आत असतो. ते कितीही वेळा तापवून बुडवले तरी जवळजवळ होते तसेच राहते. ट्रकच्या कमानपाट्यात तो ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणूनच भंगारातला जुना पाटा लोहाराला मोलाचा वाटतो.

पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि या नव्या रचनेत कार्बन सहज मुरतो. सावकाश थंड केले तर तो पुन्हा बाहेर पडतो आणि पोलाद नरम होते. एकदम थंड केले तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, रचना ताणली जाते आणि अत्यंत कठीण पण ठिसूळ असे रूप तयार होते. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुतज्ज्ञाच्या नावावरून त्याला मार्टेन्साइट म्हणतात. हे रूप घेताना पोलाद किंचित फुगते. त्यामुळे एक बाजू आधी आणि दुसरी नंतर थंड झाली, तर पाते वाकते किंवा चिरते.

लोहाराकडे तापमापक नसतो, डोळा असतो. म्हणून पाणी देण्याचे काम सावलीत किंवा कलत्या उजेडात करतात. भर उन्हात तापाचा रंग नीट कळत नाही. पोलाद लालबुंद हवे. पिवळे पडेपर्यंत तापवले तर आतले कण मोठे होतात आणि धार पुढे तुकड्या-तुकड्यांनी उडते. नेमक्या तापाला आलेले पोलाद चुंबकाला चिकटत नाही, हीसुद्धा एक सोपी परीक्षा आहे.

छिन्नीला पाणी देताना पाहिले की सगळी क्रिया एका मिनिटात समजते. टोकाकडचा चार बोटे भाग लाल करून सांडशीने धरायचा आणि फक्त दोन बोटे पाण्यात बुडवायचा. बुडवताना छिन्नी हलती ठेवायची, नाहीतर भोवती वाफेचे कवच धरते आणि थंडावा सारखा पोचत नाही. बाहेर काढली की टोक काळे आणि कडक, पण वरचा भाग अजून तप्त. लगेच टोक विटेच्या तुकड्यावर घासून उजळ करायचे आणि टक लावून बघत राहायचे. वरची उष्णता खाली सरकून टोकाचा कडकपणा बेताचा करू लागते, तशी उजळ पोलादावर रंगांची ओळ उतरू लागते: आधी फिका पिवळा (सुमारे २२० अंश), मग सोनेरी, तपकिरी, जांभळा (सुमारे २८०) आणि शेवटी निळा (सुमारे ३००). हे रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचे असतात. थर जाड होईल तसा रंग बदलतो. छिन्नीच्या धारेवर जांभळा रंग पोचला की ती पुन्हा पाण्यात बुडवायची. वस्तऱ्यासारख्या पात्याला पिवळ्यावरच थांबतात, स्प्रिंगला निळ्यापर्यंत जाऊ देतात. दोन रंगांमधली फुरसत काही क्षणांचीच असते, आणि खरे कसब तिथेच लागते.

पाणी जास्त झाले, म्हणजे कडकपणा जास्त राहिला, तर धारेचे टवके उडतात, कमी झाले तर धार मुडपते. चांगले पाणी दिलेले पाते ग्राइंडरवर दाबून धरले आणि त्याची कड निळी पडली, तर तेवढ्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. मग भट्टीशिवाय इलाज नाही. म्हणूनच धार लावताना पाते घडोघडी पाण्यात बुडवावे.

तांब्याचे मात्र उलट आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून ताठर झालेला पत्रा लाल करून गार करतात, तो नरम व्हावा म्हणून. पाण्यात बुडवला तरी तांबे कडक होत नाही.

कारखान्यांत हेच काम नियंत्रित भट्ट्यांत चालते. गिअरच्या फक्त वरच्या थरात कार्बन मुरवून केस हार्डनिंग करतात. क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) फिरत्या जागा विद्युत प्रवर्तनाने क्षणात तापवून कडक करतात. बाहेर झीज सोसणारा कठीण थर आणि आत धक्का पचवणारा चिवट गाभा, हा हेतू दोन्हींकडे सारखाच.

कोयत्यालाही तेच हवे असते: धार कडक, पाठ चिवट. म्हणून लोहार धारेची बाजूच पाण्यात धरतो. बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजतात आणि मजुरी टनावर मिळते. पाणी नीट न बसलेला कोयता दुपारपर्यंत बोथटतो, आणि तोच ऊस तोडायला मनगटाला दुप्पट घाव घालावे लागतात.