पूर्ण स्पर्धा आणि ग्राहकाची पसंती : सांगलीचा बेदाणा

ज्या बाजारात एकट्याच्या खरेदी-विक्रीने भाव हलत नाही, ती पूर्ण स्पर्धा. विक्रेते-ग्राहक भरपूर, माल एकजिनसी, भावाची माहिती सर्वांना आणि धंद्यात शिरायला-निघायला मोकळीक, या तिच्या अटी. सांगली-तासगावचे बेदाणा सौदे त्यांच्या बरेच जवळ जातात.

मागणी पसंतीपासून सुरू होते. हिरवा बेदाणा ३०० रुपये किलो, काळा १५० असे धरू. म्हणजे एक किलो हिरव्यासाठी बाजार दोन किलो काळा मागतो. एखादे घर तीन किलो काळा सोडायला तयार असेल, तर ते हिरवा वाढवत जाईल. हिरवा वाढला की त्याची ओढ उतरते. तयारी दोन किलोंवर आली की अदलाबदल थांबते. समवृत्ती वक्र (सारखेच समाधान देणाऱ्या मिश्रणांची रेषा) अंदाजपत्रक रेषेला (ठरलेल्या पैशांत बसणाऱ्या मिश्रणांच्या रेषेला) स्पर्श करतो तो हाच बिंदू. काळा मुळीच न घेणाऱ्याला मात्र ही बरोबरी लागू होत नाही.

पुरवठ्यात खरी गंमत आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्षे २५ रुपयांनी, शिवाय डिपिंग (वाळवण्याआधी द्राक्षे द्रावणात बुडवणे), शेड, मजुरी, प्रतवारीचे बेदाण्याच्या किलोमागे ४० धरले, तर १४० च्या खाली बेदाणा करणे तोट्याचे. पण एकदा माल वाळला की तो खर्च बुडीत. मग १२० लाही विकणे शहाणपणाचे ठरू शकते. हाती असलेल्या मालाच्या बाजारात भाव प्रामुख्याने मागणी ठरवते, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच मांडले होते. थांबायचेच, तर पुढचा भाव कोल्ड स्टोअरेजचे भाडे, व्याज आणि घट भरून काढेल इतका वाढायला हवा. दिवाळीच्या भरवशावर सगळेच थांबले, तर माल एकदम बाहेर येतो आणि तेजी विरते.

ताज्या द्राक्षांचा भाव पडला की बागायतदार बेदाण्याकडे वळतात, आणि बेदाणाही उतरतो. नवी बाग मात्र लगेच फळ देत नाही; त्यामुळे धंद्यात शिरणे पुस्तकातल्याइतके सोपे नाही.

एकजिनसीपणाची अट तर रंग, जाडी आणि गोडीतच मोडते. म्हणूनच नमुना हातात घेतल्याशिवाय बोली लागत नाही. बोली लावणारे मोजकेच असले, तर मागणी न घटताही भाव दबतो. शेतकऱ्याला सौदा नाकारता येतो, पण भाडे आणि व्याज चालूच राहते.