जमैकन रूपाविषयीचे साचेबंद समज

जमैकन म्हटले की परदेशात एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते : काळा वर्ण, खांद्यावर रुळणाऱ्या जटा, लाल-पिवळी-हिरवी विणलेली टोपी, गांजा आणि सदा निवांत चालणे-बोलणे. जमैकाबाहेर राहणाऱ्या किंवा प्रवास करणाऱ्या जमैकनांना या चित्राशी रोजच्या व्यवहारात झुंजावे लागते. त्याचा त्रास दोन प्रकारच्या लोकांना होतो आणि तो परस्परांच्या अगदी उलट असतो. चिनी, भारतीय, लेबनीज, ज्यू किंवा गोऱ्या वंशाच्या जमैकनांचा चेहरा या चित्रात बसत नाही, म्हणून आपण जमैकन आहोत हे त्यांना पटवून द्यावे लागते. ज्यांचा बसतो, त्यांच्यावर विमानतळापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत संशय घेतला जातो. दुसऱ्या प्रकाराची चर्चा बरीच होते. पहिला प्रकार मात्र गमतीचा म्हणून सोडून दिला जातो.

आकडे काय सांगतात

२०११च्या जनगणनेत जमैकाची लोकसंख्या सुमारे २७ लाख होती. त्यात ९२.१ टक्के लोकांनी स्वतःला कृष्णवर्णीय, ६.१ टक्क्यांनी मिश्रवंशीय आणि ०.८ टक्क्यांनी भारतीय वंशाचे म्हटले. चिनी, गोरे व इतर मिळून एका टक्क्याच्याही आत भरतात. म्हणजे बहुतेक जमैकन काळे असतात, हा समज चूक नाही. चूक होते ती ‘बहुतेक’चे ‘सगळे’ करण्यात. जटांच्या बाबतीत तर तेवढाही आधार नाही. जटा ज्याची खूण मानतात त्या रास्ताफारी या धार्मिक पंथाचे लोक त्याच जनगणनेत सुमारे २९ हजार, म्हणजे १.१ टक्के होते. सर्वसामान्य जमैकन कुटुंब प्रोटेस्टंट ख्रिस्ती असते, शनिवारी किंवा रविवारी नीटनेटक्या कपड्यांत चर्चला जाते, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाचे केस बारीक कापलेले व गणवेश खाकी असतो.

१९६२ साली स्वातंत्र्याबरोबर स्वीकारलेले राष्ट्रीय बोधवाक्य ‘अनेकांतून एक जनता’ असे आहे. दहापैकी नऊ लोक आफ्रिकी वंशाचे असलेल्या देशाने हे वाक्य घेतल्याबद्दल जमैकातच टीका होते. बहुसंख्यांचा वारसा झाकून मूठभर उजळ वर्णाच्या वरच्या थराला ते सोयीचे पडते, असा आक्षेप आहे आणि तो बिनबुडाचा नाही. चिनी किंवा गोऱ्या जमैकनाच्या तक्रारीकडे बघताना ही बाजूही ध्यानात ठेवावी लागते. परदेशात ज्याला कोणी जमैकन मानत नाही, त्याच्या घराण्याला मायदेशी रंगाचा फायदाच मिळालेला असू शकतो.

साचा कसा घडला

१९३० साली हैले सेलासी इथिओपियाचा सम्राट झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जमैकात त्याला देवावतार मानणारा रास्ताफारी पंथ उभा राहिला. आरंभीच्या प्रचारकांपैकी लेनर्ड हॉवेल यांनी आपली पुस्तिका ‘गंगुनगुरू मराघ’ या नावाने छापली, यावरून मळ्यांतल्या भारतीय मजुरांशी असलेला संपर्क दिसतो. गांजाही त्याच मजुरांबरोबर बेटावर आला. नाव बदलले नाही. जटांचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. कोणी साधूंकडे बोट दाखवतात, कोणी पूर्व आफ्रिकेकडे, तर पंथातले लोक बायबलमधल्या केस न कापण्याच्या नाझीर व्रताकडे.

सर्वच रास्तांना (रास्ताफारी अनुयायांना) जटा नसतात. १९६८मध्ये स्थापन झालेल्या ‘ट्वेल्व ट्राइब्स ऑफ इझ्राएल’ शाखेत जटा सक्तीच्या नाहीत. गायक बॉब मार्ली याच शाखेचे. उलट बुल बे येथील बोबो शांती शाखेतले पुरुष जटा फेट्यात घट्ट बांधतात व लांब झगा घालतात. त्यांच्या केसांची बटही बाहेर दिसत नाही, त्यामुळे परदेशात त्यांना रास्ता म्हणून सहसा कोणी ओळखत नाही.

१९७०च्या दशकात जमैकाचे रेगे संगीत जगभर पोहोचले आणि गायकांचे रूप हेच देशाचे रूप ठरले. पुढे पर्यटनाच्या जाहिराती, टी-शर्ट आणि टोपीलाच नकली जटा शिवलेला तो फॅन्सी ड्रेसचा माल आला. या मालातली एक चूक इतकी रुळली आहे की ती आता कोणाला खटकतही नाही. लाल-पिवळा-हिरवा हे रंग इथिओपियाचे. जमैकाच्या ध्वजात काळा, हिरवा व सोनेरी असे तीनच रंग आहेत आणि लाल तर मुळीच नाही. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर ‘जमैका’ म्हणून जे विकले जाते, ते बहुधा इथिओपियाच्या रंगातले असते.

चित्रपटांनीही हातभार लावला. १९८८च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या जमैकन बॉबस्लेड (बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीच्या) चमूत डडली स्टोक्स हे लष्करी हेलिकॉप्टरचे वैमानिक होते, तर डेव्हन हॅरिस सँडहर्स्ट या ब्रिटिश लष्करी अकादमीत शिकलेले लष्करी अधिकारी. पाच वर्षांनी हॉलिवूडने त्यावर विनोदी चित्रपट काढला, तेव्हा शिस्तीचे लष्कर गळाले आणि जटाधारी गमत्या आला. मराठी वाचकाचा साचा बहुतांशी क्रिकेटने घडवला आहे. आयपीएलमुळे ख्रिस गेलच्या जटा लक्षात राहिल्या. पण मायकेल होल्डिंग, कोर्टनी वॉल्श आणि उजळ वर्णाचे यष्टिरक्षक जेफ्री दुजाँ हेही जमैकाचेच.

मायदेशी जटांचे काय झाले

ज्या रूपावर देशाची जाहिरात चालते, त्याच रूपाला देशात दीर्घकाळ मार पडला. एप्रिल १९६३मध्ये माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्स येथे झालेल्या हिंसाचारानंतर रास्तांची सरसकट धरपकड झाली. त्यांना मारहाण झाली, अनेकांच्या जटा जबरदस्तीने कापल्या गेल्या. पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी संसदेत माफी मागितली ती २०१७ साली, चोपन्न वर्षांनी. गांजा १९१३पासून बेकायदा होता. २०१५च्या दुरुस्तीनंतर दोन औंसांपर्यंत (सुमारे ५६ ग्रॅम) बाळगणे हा केवळ ५०० जमैकन डॉलर दंडाचा किरकोळ अपराध उरला आणि रास्तांना धार्मिक वापराची मुभा मिळाली. म्हणजे ‘जमैकात गांजा खुला आहे’ हा पर्यटकांचा समज आजही अर्धवटच खरा आहे.

शाळांचा प्रश्न त्याहून चिवट निघाला. एका प्राथमिक शाळेने पाच वर्षांच्या मुलीला जटा कापायला सांगितल्याचे प्रकरण न्यायालयात गेले. २०२०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनात्मक हक्कांचा भंग झाला नसल्याचा निकाल दिला. अपील न्यायालयाने तो २०२४मध्ये फिरवला. (जमैकातील ‘सर्वोच्च न्यायालय’ हे नावापुरतेच सर्वोच्च, त्याच्यावर अपील न्यायालय आणि त्याहीवर लंडनची प्रिव्ही कौन्सिल आहे.)

ज्यांचा चेहरा बसत नाही

भारतीय गिरमिटिया मजुरांचे पहिले जहाज १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बे येथे लागले. १९१७मध्ये ही भरती थांबेपर्यंत ३६ हजारांहून अधिक लोक आले, मुख्यतः आजच्या पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधून. त्यांच्या वंशजांची परदेशातली अडचण वेगळ्याच तऱ्हेची आहे. टोरोंटो किंवा न्यूयॉर्कमध्ये भारतीय चेहऱ्याचा माणूस कॅरिबियन आहे असे कळले, की त्याला गयाना किंवा त्रिनिदादचा धरले जाते, कारण त्या देशांत भारतीय वंशाचे लोक एक तृतीयांशाहून अधिक आहेत. भारतातून आलेल्यांना वाटते, हा आपला. मग हिंदी येत नाही, आडनाव सिंग असून घरात चर्च आहे, हे कळल्यावर ते बुचकळ्यात पडतात. मोरंट बेत जन्मलेल्या टोनी-ॲन सिंग २०१९मध्ये मिस वर्ल्ड झाल्या. वडील भारतीय वंशाचे, आई आफ्रिकी वंशाची. आडनाव पाहून इकडे त्यांच्यावर हक्क सांगितला गेला. डान्सहॉल या रेगेतून निघालेल्या शैलीचा गायक सुपर कॅट याच्या वंशातही भारतीय रक्त आहे, हे मात्र त्याच्या बऱ्याच भारतीय श्रोत्यांना ठाऊक नसते.

चिनी मजूर १८५४पासून आले. त्यांत ग्वांगदोंग प्रांतातल्या हक्का समाजाचे लोक अधिक होते. मळे सोडून ते किराणा व्यापारात शिरले आणि गावोगाव उधारीवर माल देणारे दुकान चिन्याचे असे समीकरण झाले. आडनाव काहीही असो, गिऱ्हाईक त्याला ‘मिस्टर चिन’च म्हणे. १९१८ व १९६५ साली त्यांच्याविरुद्ध दंगली झाल्या. १९७०च्या दशकातील राजकीय अस्थिरतेत अनेक कुटुंबे टोरोंटो व दक्षिण फ्लोरिडाकडे गेली. तिथे चिनी समाजात त्यांना कँटोनीज येत नाही म्हणून परके धरतात, आणि इतरांना त्यांचे जमैकन असणे थट्टा वाटते. खरे तर ज्या संगीताने हा साचा घडवला, त्याच्या मुळाशीच चिनी जमैकन आहेत. बॉब मार्लींची पहिली तबकडी १९६२ साली लेस्ली काँग यांनी काढली. किंग्स्टनमध्ये तबकड्यांचे दुकान चालवणाऱ्या व्हिन्सेंट व पॅट्रिशिया चिन यांनी न्यूयॉर्कला जाऊन १९७९मध्ये व्हीपी रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी सुरू केली. गायक शॉन पॉलच्या आईकडे चिनी वंश आहे. १९८०च्या दशकात पंतप्रधान असलेले एडवर्ड सिआगा लेबनीज वंशाचे होते. वेस्टमोरलंडमधील सीफर्ड टाउन हे तर १८३०च्या दशकात आलेल्या जर्मन शेतकऱ्यांचे गाव.

अशा वेळी समोरचा माणूस हमखास फर्मावतो : जमैकन बोलून दाखव. पात्वा ही जमैकाची बोली बोलून दाखवली की शंका फिटते, पण लगेच तमाशा होतो. फोन बाहेर निघतात, ‘पुन्हा एकदा’चा आग्रह होतो. म्हणून बरेच जण ओळख करून देताना देशाऐवजी परगणा व शाळा सांगतात. दुसरा जमैकन त्यावरून ताबडतोब जागा ओळखतो. बिगरजमैकनाला उत्तर देण्याची गरजच उरत नाही.

२०१३मध्ये फोक्सवॅगनच्या एका अमेरिकी जाहिरातीत मिनेसोटाचा गोरा कर्मचारी जमैकन ढंगात बोलताना दाखवला. अमेरिकेत वर्णद्वेषाचा आरोप झाला, तर जमैकाच्या पर्यटनमंत्र्यांनी जाहिरातीचे स्वागत केले. पात्वा बोलणारा गोरा माणूस जमैकनांना नवा नाही. आक्षेप घेता आला असता तो वेगळ्याच गोष्टीला : जमैकन म्हणजे चिंता नसलेला माणूस, या गृहीतकाला.

ज्यांचा चेहरा बसतो

ब्रिटनमध्ये १८२४च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यातील ‘संशयित व्यक्ती’ हे कलम पोलीस १९७०च्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांवर सर्रास वापरत. एप्रिल १९८१च्या ब्रिक्स्टन दंगलीनंतर त्याच वर्षी ते रद्द झाले. पुढे वृत्तपत्रांनी ‘यार्डी’ म्हणजे जमैकन गुंड असा अर्थ रूढ केला. मुळात ती मायदेशच्या माणसाला दिलेली साधी हाक होती. कॅरिबियनच्या आतही परिस्थिती फार निराळी नाही. २०११मध्ये बार्बाडोसच्या विमानतळावर एका जमैकन महिलेची अपमानास्पद अंगझडती घेऊन तिला परत पाठवले. कॅरिबियन न्यायालयाने २०१३मध्ये तिला ७५ हजार बार्बाडोस डॉलरची भरपाई मंजूर केली आणि कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघातील नागरिकांना प्रवेश नाकारायला ठोस कारण लागते, हे स्पष्ट केले.

नोकरीत जटांवरून वाद झाल्यास दावा कशाच्या आधारे करायचा, हे निर्णायक ठरते. ब्रिटनच्या अपील न्यायालयाने १९९३मध्ये, रास्तांचा समान इतिहास जेमतेम साठ वर्षांचा असल्याने ते वांशिक गट नाहीत, असे ठरवले. त्याच्या दहा वर्षे आधी शिखांना तो दर्जा मिळाला होता. त्यामुळे वंशभेदाचा दावा पडला. आता तिथे श्रद्धेच्या आधारे दावा टिकू शकतो. अमेरिकेत २०१६मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने केशरचना बदलता येते, म्हणून जटांना मनाई हा वंशभेद नव्हे, असे म्हटले. त्यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये केसांचा पोत व रचना यांना संरक्षण देणारा कायदा केला. नंतर इतर राज्यांनीही केले. फिरत्या यंत्रापाशी जटा बांधून झाकायला सांगणे ही सुरक्षेची वाजवी अट आहे, ‘ग्राहकांना बरे दिसत नाही’ ही नाही.

जटा अस्वच्छ असतात, हा आक्षेप या सगळ्या वादांत डोकावतो. जटा धुतल्या जातात. फेस पूर्ण निघून जाईल असा शांपू वापरून मुळापर्यंत वाळवाव्या लागतात. आत ओल राहिली तर कुबट वास येतो, आणि या समजाला खाद्य मिळते ते बहुधा अशा घाईतूनच. मुळाशी पीळ साधारण चार ते आठ आठवड्यांनी देतात. त्याहून वारंवार किंवा फार घट्ट दिल्यास कानशिलाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. विमानतळावरच्या तपासणी यंत्रात दाट जटा किंवा अंबाडा संशयास्पद म्हणून दिसतो आणि हाताने तपासणी होते. २०१५मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांच्या तपासणीविषयी तक्रारीनंतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे मान्य केले. प्रवाशाला पडद्याआड तपासणी मागता येते. पासपोर्टच्या छायाचित्रात धार्मिक कारणासाठी टोपी चालते, पण चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. अमेरिकी पासपोर्टसाठी तसे सहीचे निवेदनही जोडावे लागते.