दम परत येतो तो पायांतून

सोलापुरात कुणाला ॲटॅक येऊन गेला की घरी पहिली तयारी होते ती पलंगाची. माणूस पाणी प्यायला उठला तरी आतून आवाज येतो, "बसा की ओ निवांत, कशाला उठलाव?" माया खरी असते, त्यात वाद नाही. पण महिना-दीड महिन्याने हाच माणूस जिना चढतो, अर्ध्यावर धापा टाकत थांबतो आणि सगळ्यांची खात्री पटते की हार्ट अजून कमजोर आहे. त्या धापेत हृदयाचा वाटा किती आणि पलंगाचा किती, हे कुणी विचारत नाही. पुष्कळदा पलंगाचाच वाटा मोठा असतो.

याचा पुरावा जुना आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. कुणाला काही आजार नव्हता. तरी तीन आठवड्यांनी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपेपेक्षा कमी निघालं. आता विचार करा, ॲटॅक आलेल्या साठीच्या माणसाला दोन महिने 'आराम' दिला तर काय होत असेल.

डॉक्टरही पूर्वी हेच करायचे. १९५० च्या आसपास ॲटॅकच्या रुग्णाला सहा-सहा आठवडे हलू देत नसत. बोस्टनच्या सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्ये रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवल्याचा अनुभव छापला, तो त्या काळी धाडसाचा मानला गेला. नुसतं खुर्चीत बसवणं! पुढे १९७३ मध्ये टोरांटोच्या टेरेन्स कॅव्हानाह यांचे सात हृदयरुग्ण बोस्टनची मॅरेथॉन धावले. आपल्याला मॅरेथॉन नको आहे, हुतात्मा बागेपर्यंत जाऊन न थांबता परत येता आलं तरी पुरे.

हृदयात नेमकं काय होतं तेही पाहू. रक्तपुरवठा तुटल्यामुळे हृदयाच्या स्नायूचा जेवढा भाग मेला, तो पुन्हा जिवंत होत नाही. सहा ते आठ आठवड्यांत तिथे घट्ट व्रण तयार होतो. चादरीला केलेल्या रफूसारखा तो जागा धरून ठेवतो, आकुंचन मात्र पावत नाही. उरलेला स्नायू काम सांभाळतो. मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होते आणि कागदावर एक आकडा येतो, ज्याला सगळे 'पंपिंग' म्हणतात. 'पंपिंग चाळीसच टक्के आहे' हे वाक्य नातेवाइकांत असं फिरतं, जणू दहावीला मार्क कमी पडले. पण हे शंभरपैकी मार्क नव्हेत. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, तो हा हिशोब. धडधाकट माणसाचाही आकडा साधारण ५० ते ७० च्या दरम्यानच असतो. दुसरं म्हणजे, या आकड्यावरून माणूस किती चालू शकेल हे नीट सांगता येत नाही. चाळीसवाला रोज तासभर चालतो आणि साठवाला जिन्यात बसतो, असंही दिसतं.

कारण दम फक्त हृदयात नसतो. हृदय रक्त पोचवतं, त्यातला प्राणवायू काढून घेणं हे स्नायूंचं काम. शांत बसलेलं शरीर धमन्यांतून आलेल्या प्राणवायूपैकी जेमतेम पाव भाग वापरतं. जोराच्या श्रमात सवयीचे स्नायू तीन-चतुर्थांशापर्यंत काढून घेऊ शकतात. रोज चालणाऱ्याच्या पायांत केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात. मग तोच जिना चढायला हृदयाला कमी ठोके पुरतात. हृदयावरचा व्रण जिथल्या तिथे असतो, त्याच्यावरचं ओझं मात्र हलकं झालेलं असतं. ॲटॅकनंतरच्या व्यायामाचं मर्म मला हेच वाटतं.

शरीराला किती श्रम झेपतात हे मोजायचं माप आहे मेट. स्वस्थ बसणं म्हणजे एक मेट, सपाटीवर साधं चालणं तीनच्या आसपास, जिना चढणं चार किंवा जास्त. ट्रेडमिल टेस्टमध्ये तुमची कमाल किती ते कळतं. सहा हजारांहून जास्त पुरुषांच्या अशा टेस्टचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात क्षमता एका मेटने जास्त असलेल्यांच्या जिवाचा धोका सुमारे १२ टक्के कमी आढळला.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच, आणि घरातल्या घरात. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, मग दर दिवसाआड एखाददोन मिनिटं वाढवत. अँजिओप्लास्टी सुरळीत झालेले बरेच जण महिना-दीड महिन्यात अर्ध्या तासावर येतात. बायपासवाल्यांना छातीचं हाड जुळेपर्यंत वजन उचलायचं नसतं. पंपिंग फारच कमी असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर व्यायाम देखरेखीखालीच. वेग किती? नाडीची कमाल मर्यादा काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र इथे विसरा. ॲटॅकनंतर अनेकांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असते, ती ठोके मुद्दाम कमी ठेवते, त्यामुळे नाडीचा आकडा फसवतो. सोबत्याशी बोलत चालता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, तो वेग बरोबर. छातीत दाबल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून बसायचं. जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर ती खिशात हवी, घरच्या कपाटात नव्हे. दुखणं थांबलं नाही तर सरळ दवाखाना. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं किंवा पाय सुजले, तरी डॉक्टरांना कळवायचं.

चालणं आणि उचलणं मात्र एक नाही. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, पेलताना मानकऱ्यांकडे पाहा. काठी कमरेला तोललेली, दंड ताठ, जबडा आवळलेला. अशा ताणात स्नायू आवळलेलेच राहतात, आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. श्वास रोखला तर आणखीच. मानाची काठी वर्षभर पुतण्याकडे द्यावी. घरातलं उदाहरण गॅसच्या टाकीचं: आत १४.२ किलो गॅस, वर लोखंडाचं वजन, म्हणजे तिसेक किलो. पाणी आलं की भरून उचलायच्या घागरीही त्यातल्याच. हलक्या वजनांचा व्यायाम पुढे जरूर करावा, पण सांगितल्यावर, आणि श्वास सोडत.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा शरीर गार ठेवायला बरंचसं रक्त कातडीकडे वळतं. पायांना तेवढंच रक्त पुरवायचं तर हृदय जास्त धावतं. मार्चमध्ये सहज जमणारा फेरा मे महिन्यात जड जातो तो यामुळे, तब्येत घसरली म्हणून नाही. पहाटे उजाडता-उजाडता निघावं, वेग कमी करावा. लघवी होण्याची गोळी चालू असलेल्यांनी उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं ते विचारून घ्यावं, कारण जास्तही चालत नाही आणि कमीही. शेंगाची चटणी सुटणार नाही हे मला ठाऊक आहे, निदान मीठ कमी घालून कुटा.

चालणं ज्यांना नकोसं वाटतं त्यांच्यासाठी: भारतातल्या २४ रुग्णालयांत जवळपास ४,००० रुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आले. योग करणाऱ्यांना बरं वाटणं आणि पूर्वीच्या कामांकडे परतणं, दोन्हींत फायदा दिसला. जीव वाचण्याबाबत मात्र ठाम उत्तर मिळालं नाही. महागडं यंत्र लागत नाही, हा आपल्याकडे मोठाच गुण.

आणि काम? टेबलावरचं काम करणारे काही आठवड्यांत परततात. यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्याचं गणित वेगळं आहे. ट्रेडमिलवर तो आठ मिनिटं छान चालेल, पण शेडमधला उकाडा, खटखटाट आणि सलग उभं राहणं त्या टेस्टमध्ये मोजलं जात नाही. डॉक्टरांना 'कामावर जाऊ का' एवढंच न विचारता काम काय आहे ते सविस्तर सांगावं. मालकाकडून पहिला महिना अर्धी पाळी मिळाली तर उत्तम, नाहीतर रात्रपाळी नको, एवढं तरी पदरात पाडून घ्यावं.