लिनक्सवर विंडोजचा गेम चालतो तो कसा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ घ्यायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आमच्या सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला रूम करून राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडे बघा. ऑफिसमधून निघालेले, सेकंडहँड घेतलेले सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह त्यांच्या टेबलावर दिसतात. मशीन ठणठणीत, पण नव्या विंडोजच्या यादीत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, गेम चालतील का?"

बहुतेक चालतात. फक्त विंडोजसाठी बनवलेले, पैसे देऊन घेतलेले गेमसुद्धा चालतात. ते कसं घडतं, हे मला अलीकडच्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

गेमची एक्सई फाईल हेक्स एडिटरमध्ये (फाईलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडली की सुरुवातीलाच 'एमझेड' ही दोन अक्षरं दिसतात. डॉसच्या काळात ही फाईल कशी असावी हे ठरवणारे मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. लिनक्सच्या प्रोग्रॅमची मांडणी वेगळी असते, त्यामुळे लिनक्सला ही फाईल थेट कळत नाही. पण वेष्टण सोडवलं की आत काय असतं? ही बेरीज कर, हा आकडा तिकडे ठेव, तिथून पुढे जा. या सूचना प्रोसेसरच्या भाषेतल्या आहेत, आणि प्रोसेसर दोन्हीकडे तोच. गेमचं हिशेबाचं काम त्यामुळे लिनक्सवरही थेट प्रोसेसरवरच होतं, कोणी मधे पडत नाही.

अडतं ते गेम काही मागतो तेव्हा. फाईल उघडून दे, खिडकी काढ, आवाज वाजव. या मागण्या तो विंडोजच्या ठरलेल्या फंक्शनांच्या नावानं करतो. तिथं 'वाइन' नावाचा मुक्त-स्रोत प्रोग्रॅम उभा राहतो. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो, तसा. गेमची मागणी ऐकायची, लिनक्सकडून तेच काम करून घ्यायचं आणि उत्तर गेमला समजेल त्या रूपात परत द्यायचं. अडत फक्त मागणीवर पडते, हिशेबावर नाही. म्हणूनच वेग फारसा घटत नाही.

वाचायला सोपं वाटतं, पण एकच मागणी जवळून बघा. विंडोजमध्ये फाईलच्या नावातलं इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीत असो वा लहान, फाईल तीच. लिनक्समध्ये त्या दोन वेगळ्या फाईली. गेम लिहिणाऱ्यानं एके ठिकाणी 'डेटा' फोल्डरचं पहिलं अक्षर मोठं आणि दुसरीकडे लहान लिहिलं असेल, तर विंडोजवर त्याला ती चूक कधी कळणारच नाही. वाइनला मात्र ती सांभाळावी लागते: नाव जसंच्या तसं सापडलं नाही, तर अख्खं फोल्डर वाचायचं आणि एकेक नाव ताडून बघायचं. हजारो फाईली असलेल्या गेममध्ये हे महागात पडतं. २०१९ मध्ये लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ५.२ आवृत्तीत फाईल-सिस्टिमलाच हवं तर हा भेद न पाळण्याची सोय आली.

अशी हजारो फंक्शनं. वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि १.० ही आवृत्ती आली २००८ मध्ये. पंधरा वर्षं! अलेक्झांडर ज्युलियार हे १९९४ पासून या प्रकल्पाची धुरा वाहत आहेत. मायक्रोसॉफ्टचा कोड न बघता, विंडोज कसं वागतं हे छोट्या चाचण्यांनी तपासत हे सगळं लिहिलं गेलं. विंडोजच्या वागण्यात खोट असेल आणि एखादा गेम तिच्यावर विसंबून असेल, तर ती खोटसुद्धा जशीच्या तशी उतरवावी लागते. एवढ्या चिकाटीच्या कामाला दाद द्यावी तेवढी थोडी.

तरीही नवे गेम रखडायचे ते चित्रापाशी. विंडोजचे बहुतेक गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्ट-थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीनं बोलतात. वाइन ते ओपनजीएल या लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या ग्राफिक्स पद्धतीत बदलून द्यायचं, पण दोघांची घडण इतकी वेगळी की वेग मार खायचा. २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी ग्राफिक्स पद्धत आली, कार्डावर अगदी बारीक ताबा देणारी आणि कोणालाही वापरता येणारी. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला 'निअर: ऑटोमॅटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्या हौसेतून त्यांनी डायरेक्ट-थ्रीडीचं व्हल्कनमध्ये रूपांतर करणारं 'डीएक्सव्हीके' लिहिलं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं त्यांना पाठबळ दिलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके वगैरे एकत्र बांधून 'प्रोटॉन' बाजारात आणलं. आता बहुतेक गेमना स्टीममध्ये क्लिक केलं की पुरे. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र याच पायावर उभं आहे.

त्यानंतरची सुधारणा बारीक आहे, पण मला फार आवडते. गेममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालू असतात: एक धागा (थ्रेड) आवाज सांभाळतो, एक टक्कर मोजतो, एक चित्र रचतो. ते सतत एकमेकांसाठी थांबतात. विंडोजमध्ये 'यातलं कुठलंही एक झालं की उठव' किंवा 'सगळी झाली की मगच उठव' असं एकाच हाकेत सांगता येतं. लिनक्समध्ये याला तंतोतंत जोड नव्हती, म्हणून वाइन हा निवाडा एका वेगळ्या प्रोसेसकडे नेत असे. सेकंदाला हजारो वेळा ही ये-जा झाली की गेम अडखळायचा. एलिझाबेथ फिगुरा यांच्या कामामुळे ही सोय 'एनटीसिंक' या नावानं खुद्द कर्नलमध्ये गेली. मार्च २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१४ पासून ती वापरता येते. विंडोजच्या गेमसाठी लिनक्सच्या गाभ्यात जागा केली जाते, हे वीस वर्षांपूर्वी कोणाला पटलं नसतं.

मग काय चालत नाही? पोरांचा लाडका व्हॅलोरंट चालत नाही. त्याची फसवणूक रोखणारी व्हॅनगार्ड यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसते, आणि वाइनकडे विंडोजचं कर्नल नसतंच. इथं अडचण खरोखर तांत्रिक आहे. पण सगळीकडे तसं नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडलं. ते वापरायचं की नाही हे गेमवाल्या कंपनीनं ठरवायचं. जीटीए ५ ची एकट्याने खेळायची कथा लिनक्सवर झकास चालते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन भागाला बॅटलआय लावताना प्रोटॉनची परवानगी दिली गेली नाही आणि तो बंद पडला. एपेक्स लेजंड्स हा मोफत गेम चालत होता, तोही २०२४ च्या ऑक्टोबरअखेर लिनक्सवर बंद केला गेला. लिनक्सच्या आडून फसवणूक होते, हे कारण दिलं गेलं. फसवणुकीची काळजी खोटी नाही. तरी जीटीएसारखा पैसे मोजून घेतलेला, चालत असलेला गेम घेणाऱ्याच्या मशीनवर एका निर्णयानं बंद व्हावा, हे मला ग्राहकावर अन्यायाचं वाटतं. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र मुळातच लिनक्ससाठीही बनवलेले आहेत, त्यांना वाइन लागतच नाही.

आता त्या सेकंडहँड मशीनकडे येऊ. डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला लिनक्सचे मुक्त-स्रोत मेसा ड्रायव्हर ते देतात. म्हणजे विंडोज ११ नं नाकारलेलं मशीन इथं पात्र ठरतं, अर्थात अंगभूत ग्राफिक्सच्या ताकदीत बसतील तेवढेच गेम. चौथ्या पिढीवर व्हल्कन अपुरं आहे. तिथं वाइनचा जुना ओपनजीएलचा रस्ता धरून जुने गेम खेळावे लागतात. तेव्हा मशीन विकत घेताना रॅम किती एवढंच विचारून थांबू नका, प्रोसेसरची पिढी आणि कार्डाचं मॉडेल बघा. हातात मशीन असेल तर लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि टर्मिनलमध्ये 'व्हल्कनइन्फो' (vulkaninfo) ही आज्ञा चालवा; ती नसेल तर आधी बसवून घ्या. कार्डाच्या माहितीत व्हल्कनची आवृत्ती दिसेल. नंतर आपला गेम प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर शोधा. तो कुठल्या कार्डावर कसा चालला, हे खेळणाऱ्यांनीच तिथं लिहून ठेवलेलं असतं. काही अडलं तर वालचंद कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, त्यांना गाठा.