शत्त अल-अरब की खोर अब्दुल्ला? एका नदीची आणि एका खाडीची गल्लत

इराकचा नकाशा काढा आणि त्याचं सगळ्यात खालचं टोक पाहा. एवढ्या मोठ्या देशाच्या वाट्याला आलेला समुद्रकिनारा जेमतेम ५८ किलोमीटरचा आहे. त्या टोकाच्या दोन अंगांना दोन पाणवाटा आहेत. पूर्वेला शत्त अल-अरब, पश्चिमेला खोर अब्दुल्ला. दोन्ही इराकला पर्शियन आखाताशी जोडतात, दोन्हींवरून शेजाऱ्याशी तंटा आहे, दोन्हींच्या सीमा ठरवण्यात ब्रिटिशांचा हात होता आणि दोन्हींच्या कागदपत्रांवर १९१३ हे साल भेटतं. त्यामुळे एकीची गोष्ट दुसरीला चिकटते. ‘सद्दामने कुवेत घेतलं ते शत्त अल-अरबसाठी’ असं मी चांगल्या वाचणाऱ्या माणसांकडूनही ऐकलं आहे. ते चूक आहे. शत्त अल-अरबचं भांडण इराणशी. कुवेतशी जे भांडण आहे ते खोर अब्दुल्लाचं, आणि तिच्या आतल्या टोकाशी असलेल्या उम्म कस्र या बंदराचं.

कोकणातल्या माणसाला पहिला फरक लगेच कळेल: एक नदी आहे, दुसरी खाडी. अरबीत ‘खोर’ म्हणजे खाडीच. तैग्रिस आणि युफ्रेटिस अल-कुर्नाजवळ एकत्र येतात, तिथून समुद्रापर्यंतचा सुमारे २०० किलोमीटरचा प्रवाह म्हणजे शत्त अल-अरब. वाटेत इराणमधून कारून नदी तिला मिळते. या नद्या गाळ घेऊन येतात आणि मुखाशी टाकतात. बसरा बंदर मुखापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत असल्याने मोठ्या जहाजांना त्या गाळाच्या उंचवट्यावरून जायला भरतीची वाट पाहावी लागे. १९२०च्या दशकात तिथे गाळ उपसून खोल मार्ग काढला गेला. खोर अब्दुल्लाचं तसं नाही. इराकचं फाव द्वीपकल्प एका बाजूला, बुबियान आणि वरबा ही कुवेतची बेटं दुसऱ्या बाजूला, आणि मधे भरती-ओहोटीवर हलणारं खारं पाणी. वर गेल्यावर हीच खाडी खोर झुबैर होते. दोन्ही खोर जिथे मिळतात, त्याच्या जवळच पश्चिम काठावर उम्म कस्र आहे.

आता सीमेचा प्रश्न. नदी दोन देशांमध्ये असेल तर रेषा कुठे काढायची? एका काठावर, की मधे, जहाजं चालतात त्या सर्वांत खोल धारेवर? या दुसऱ्या पद्धतीला थालवेग म्हणतात. शत्त अल-अरबचं सगळं भांडण या एका प्रश्नाभोवती फिरतं. तेव्हा इराक तुर्की साम्राज्यात होतं. तुर्क आणि इराण यांच्या १८४७च्या एर्झुरुम तहात मुहम्मरा (आजचं खुर्रमशहर) आणि अबादान बेट इराणला मिळालं, पण पाणी कोणाचं हे नीट लिहिलं गेलं नाही. नोव्हेंबर १९१३च्या कॉन्स्टँटिनोपल करारात ते स्पष्ट झालं: काही बेटं आणि मुहम्मराजवळचा जहाजं थांबण्याचा भाग सोडला तर नदी पूर्व काठापर्यंत तुर्कांची. म्हणजे इराणी माणूस काठावर उभा राहून ज्या पाण्यात पाय घालेल, ते पाणी परक्याचं. तुर्की साम्राज्य गेल्यावर हा हक्क इराककडे आला. ४ जुलै १९३७च्या करारात फक्त अबादानसमोरच्या काही किलोमीटरपुरतं थालवेग मान्य झालं. बाकी नदीला ते १९७५च्या अल्जिअर्स करारात लागू झालं. १९८०मध्ये सद्दामने तो करार मोडला आणि आठ वर्षांचं युद्ध सुरू झालं.

नदीची गोष्ट मी एवढ्यावर आटोपली, कारण ती पुष्कळांना माहीत असते. खाडीची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते आणि माझ्या मते वसाहतकाळातलं राजकारण समजून घ्यायला तीच जास्त उपयोगी आहे. तिच्यात भांडण पाण्यापेक्षा बंदराचं होतं. ते बंदर तेव्हा बांधलेलंही नव्हतं.

१८९९च्या जानेवारीत कुवेतचे शेख मुबारक यांनी ब्रिटिशांशी गुप्त करार केला: ब्रिटिशांच्या संमतीशिवाय आपली जमीन कुणालाही विकायची, भाड्याने द्यायची किंवा गहाण टाकायची नाही. बदल्यात त्यांना १५,००० रुपये मिळाले. रुपयेच, कारण आखाताचा कारभार हिंदुस्थान सरकार पाहत असे. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे आखातातला त्यांचा मुख्य अधिकारी, १८७३पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर थेट हिंदुस्थान सरकारच्या. या कराराची घाई होती ती रेल्वेमुळे. जर्मन भांडवलावर बगदादमार्गे आखातापर्यंत लोहमार्ग नेण्याचे बेत चालले होते. १९००मध्ये एक जर्मन पाहणी पथक कुवेतला येऊन गेलं. लोहमार्ग समुद्रापर्यंत आला की त्याच्या टोकाला बंदर येणार, आणि त्या बंदरात परकी युद्धनौका येणार, ही ब्रिटिशांची धास्ती होती. मे १९०३मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउन यांनी लॉर्ड्स सभागृहात जाहीर केलं की आखातात दुसऱ्या कोणत्याही सत्तेने नाविक तळ किंवा तटबंदीचं बंदर उभारलं तर ब्रिटन ते सर्व शक्तीनिशी रोखेल.

तुर्कांनाही या जागेचं मोल कळलं होतं. १९०२मध्ये त्यांनी सफवान हे विहिरींचं ठिकाण, उम्म कस्र आणि बुबियान बेटावर लष्करी ठाणी बसवली. ब्रिटिशांनी १९०७मध्ये कुवेतजवळच्या शुवैखची किनारपट्टी वर्षाला ६०,००० रुपये भाड्याने घेऊन ठेवली. हेतू हाच की जागा दुसऱ्याच्या हाती जाऊ नये.

मग आला २९ जुलै १९१३चा ब्रिटिश-तुर्की करार. तो कॉन्स्टँटिनोपल करारापेक्षा वेगळा आहे, आणि गल्लतीचं मूळ बहुधा इथेच आहे: एकाच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने, एक कागद नदीचा आणि एक कुवेतचा. कुवेतच्या कागदासोबतच्या नकाशावर दोन रेषा होत्या, तांबडी आणि हिरवी. तांबड्या रेषेच्या आत शेखची पूर्ण स्वायत्तता. त्याबाहेर हिरव्या रेषेपर्यंत राहणाऱ्या टोळ्या शेखच्या अधीन. हिरवी रेषा उम्म कस्र, सफवान आणि जबल सनाम टेकडीच्या लगेच दक्षिणेने काढली, म्हणजे या तिन्ही जागा तुर्कांच्या बसरा प्रांतात राहिल्या. पण वरबा आणि बुबियान ही बेटं कुवेतकडे दिली. बंदर होऊ शकेल अशी जागा एकाला मिळाली आणि त्या जागेकडे जाणाऱ्या पाण्याच्या काठावरची बेटं दुसऱ्याला. घर एकाचं आणि दारापुढचं अंगण शेजाऱ्याचं, अशी ती वाटणी झाली. ब्रिटिशांना हवं ते झालं: त्यांच्या मर्जीशिवाय तिथे कोणालाही निर्धास्तपणे बंदर चालवता आलं नसतं. नदीच्या बाबतीत मात्र त्यांनी नेमकं उलट होऊ दिलं, जवळजवळ सगळं पाणी एकाच बाजूला. मला हीच या दोन रेषांमधली सगळ्यात बोलकी तफावत वाटते. दोन्ही रेषांमागे ब्रिटिश होते. त्यांचं हित दोन्हीकडे वेगळं होतं, आणि रेषाही तशाच निघाल्या.

कुवेतचा करार कधीच मंजूर झाला नाही, कारण पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. मुंबईहून निघालेली पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड नोव्हेंबर १९१४मध्ये फावला उतरली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. त्याच महिन्यात बसरा पडलं. बगदादच्या वाटेवर कूतला वेढ्यात अडकलेल्या सैन्यातही मराठा पलटणी होत्या. त्या नदीकाठाशी आपलं नातं असं आहे, म्हणून हा नकाशा मला परका वाटत नाही.

युद्धानंतर इराक ब्रिटिश अमलाखाली आलं आणि कुवेत संरक्षणाखाली. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना ब्रिटिशच. एप्रिल १९२३मध्ये बगदादहून ब्रिटिश उच्चायुक्त सर पर्सी कॉक्स यांनी कुवेतमधले राजकीय प्रतिनिधी मेजर मोर यांना कळवलं की हिरवी रेषा हीच सीमा धरावी. त्यात ‘सफवानच्या विहिरींच्या दक्षिणेने’ असं लिहिलं होतं. दक्षिणेने म्हणजे किती अंतरावर, हे नव्हतं. मोर यांनी सफवानच्या दक्षिणेकडच्या शेवटच्या खजुराच्या झाडापासून मैलभरावर एक पाटी रोवली. खजुराच्या झाडापासून मोजलेली ही सीमा! बाग वाढली तर शेवटचं झाड पुढे सरकणार, हे कुणी लक्षात घेतलं नाही. ती पाटी नंतर नाहीशी झाली. १९४०मध्ये ब्रिटिश प्रतिनिधीने ती पुन्हा लावली, तेव्हा ती आमच्या हद्दीत घुसली अशी तक्रार इराकने केली. मधल्या काळात, १९३२मध्ये, राष्ट्रसंघाचं सदस्यत्व हवं म्हणून इराकचे पंतप्रधान नूरी अल-सईद यांनी तीच सीमा पत्राने मान्य केली होती. त्या पत्रातही ‘सफवानच्या दक्षिणेने’ हेच शब्द होते, अंतर नव्हतंच.

इथे नदी आणि खाडी एकमेकींना भेटतात. १९३७च्या करारानंतर इराकला आपली कमजोरी जाणवली. एकुलतं एक मोठं बंदर बसरा, आणि तिथे जाणारी नदी शेवटपर्यंत इराणच्या काठाने वाहते. उद्या बिनसलं तर पलीकडच्या काठावरून बंदर बंद करता येईल. मग दुसरी वाट कोणती? खोर अब्दुल्ला. १९३८मध्ये इराकचे परराष्ट्रमंत्री तौफिक अल-सुवैदी यांनी ब्रिटिशांकडे कुवेतवर हक्क सांगितला, आणि राजे गाझी राजवाड्यातल्या रेडिओवरून तीच भाषा बोलू लागले. पण प्रत्यक्षात इराकला बंदराची जागा आणि तिच्या वाटेवरचा ताबा हवा होता.

ब्रिटिशांच्या घरातच यावर दोन मतं होती. परराष्ट्र खात्याला बगदादला खूश ठेवायचं होतं. उम्म कस्रला बंदर होणार असेल तर समोरचं वरबा, जमल्यास बुबियानही, इराकला द्यावं, असा सूर तिथे होता. लंडनचं इंडिया ऑफिस (हिंदुस्थानचा कारभार पाहणारं खातं) आणि आखातातले अधिकारी याच्या विरोधात होते. शेखला संरक्षणाचा शब्द दिलाय, त्याचीच बेटं वाटून टाकली तर आखातातला कोणता शेख आपल्यावर विश्वास ठेवील, असा त्यांचा सवाल होता. तो मला रास्त वाटतो, त्यामागे साम्राज्याचा स्वार्थ असला तरी. निर्णय व्हायच्या आत दुसरं महायुद्ध आलं. त्या युद्धात दोस्त राष्ट्रांनी उम्म कस्रला तात्पुरतं बंदर बांधलं, तिथवर लोहमार्गही नेला. युद्ध संपल्यावर ते मोडून टाकलं.

१९५०च्या दशकात इराकने पुन्हा मागणी लावून धरली. सीमा जमिनीवर आखून देतो, पण वरबा द्या, हा एक प्रस्ताव. शत्त अल-अरबचं गोडं पाणी नळाने कुवेतला देतो, बदल्यात उम्म कस्रजवळची जागा द्या, हा दुसरा. तहानलेल्या कुवेतला पाण्याची गरज खरोखरच होती, तरी सौदा जुळला नाही. अखेर इराकने १९६१मध्ये आपल्याच हद्दीत उम्म कस्रचं काम सुरू केलं. त्याच वर्षी जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झालं आणि आठवडाभरात इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी सगळ्या कुवेतवर हक्क सांगितला. बंदर १९६७मध्ये सुरू झालं. १९८०मध्ये इराणशी युद्ध पेटून नदी बंद पडली तेव्हा वरबा आणि बुबियानचा प्रश्न इराकसाठी पुन्हा धगधगू लागला. सद्दामच्या १९९०च्या कुवेतवरच्या स्वारीची कारणं अनेक आहेत, कर्ज आणि तेल त्यांत मोठी. पण नकाशावरचं कारण हे होतं.

१९९३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने सफवानच्या ‘दक्षिणेने’ला अखेर मोजमाप दिलं आणि सुरक्षा परिषदेने ठराव ८३३ने ती सीमा पक्की केली. खाडीतल्या नौवहनासाठी दोन्ही देशांनी २०१२मध्ये वेगळा करार केला. त्याला मंजुरी देणारा कायदा इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये रद्दबातल ठरवला. आज दोन्ही पाणवाटांच्या मधल्या फावच्या टोकावर इराक एक भलं मोठं बंदर बांधतोय. पलीकडे बुबियानवर कुवेतचंही बंदर उभं राहतंय, आणि त्याला नाव दिलंय मुबारक अल-कबीर, १८९९च्या करारावर सही करणाऱ्या त्याच शेखचं.