पसारा सोसणारे स्फटिक

अणुभट्टीतला वेगवान न्यूट्रॉन स्फटिकातल्या अणूवर आदळला की तो अणू जागेवरून उखडतो. उखडलेला अणू शेजाऱ्यांना धक्के देत सुटतो आणि सेकंदाच्या अब्जांशाच्याही आत शेकडो अणूंची घडी विस्कटते. बहुतेक लगेच जागेवर येतात, काही येत नाहीत. हे नुकसान ‘डीपीए’त (डिस्प्लेसमेंट्स पर अ‍ॅटम) मोजतात: १ डीपीए म्हणजे पदार्थातला प्रत्येक अणू सरासरी एकदा जागचा हललेला. फास्ट ब्रीडर भट्टीत, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालून नवं इंधनही तयार करणाऱ्या अणुभट्टीत, इंधनाभोवतीच्या पोलादी नळ्यांना १०० डीपीएच्या घरातला मारा सोसावा लागतो.

असा मारा कोणता स्फटिक सोसेल? २००० साली अमेरिकेतली लॉस अलामोस प्रयोगशाळा आणि लंडनचं इंपीरियल कॉलेज इथल्या शास्त्रज्ञांनी अर्बियम या धातूची दोन ऑक्साइडं ताडून पाहिली. एकात अर्बियमच्या जोडीला टायटॅनियम, दुसऱ्यात झिर्कोनियम. बाकी सूत्र तेच. न्यूट्रॉनांऐवजी वापरलेल्या झेनॉन आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) थोड्याच माऱ्यात टायटॅनियमवाल्याची स्फटिकरचना पार मोडली. झिर्कोनियमवालं स्फटिकच राहिलं.

टायटॅनियमचा आयन अर्बियमपेक्षा बराच लहान, त्यामुळे त्या स्फटिकात आरक्षित डब्यासारखी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. अदलाबदल झाली की रचनेवर ताण येतो आणि तो साचत जातो. झिर्कोनियमचा आयन आकाराने अर्बियमच्या जास्त जवळचा. तिथे दोघं एकाच प्रकारच्या जागांवर कसेही बसतात, ऑक्सिजनच्याही आठातली एक जागा मुळातच रिकामी, आणि तीही ठरलेली नाही. न्यूट्रॉनने आणखी उलथापालथ केली तरी अशा रचनेला ती फारशी जड जात नाही. टिकाऊ म्हणजे कणखर असं आपण सहज धरून चालतो. या स्फटिकाचा टिकाऊपणा मात्र त्याच्या मोकळेपणातून येतो, आणि मला या संशोधनात सर्वांत भावतं ते हेच.

या रचनेला फ्लोराइट रचना म्हणतात. युरेनियम डायऑक्साइड हे नेहमीचं इंधन याच घराण्यातलं. विखंडनाचे तुकडे वर्षानुवर्षे झेलूनही ते स्फटिकरूपात राहतं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ज्यावर कित्येक दशकं काम चाललं आहे, ते थोरियम डायऑक्साइडही त्यातलंच.

आयनांना वेग देऊन नमुन्यावर आदळवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे आयन त्वरकावर, वर्षांचं नुकसान काही तासांत घडवता येतं. पण आयन पृष्ठभागाखाली मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढेच किंवा थोडे जास्त खोल जातात. न्यूट्रॉन आरपार जातो. म्हणून शेवटी नमुना चाचणी-भट्टीत ठेवावाच लागतो. बाहेर काढल्यावर तो इतका किरणोत्सारी असतो, की हॉट सेल नावाच्या बंदिस्त खोलीच्या जाड भिंतीआडून, यांत्रिक हातांनीच हाताळावा लागतो.