पदवी कुणाच्या घरी पोचली?

गोव्यातल्या महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. जूनमध्ये खिडकीपाशी उभं राहिलं की मुलं तिथे हमखास अडखळताना दिसतात. वडील खाणीवर ट्रक चालवायचे, २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, आता काय लिहायचं? कुणी 'शेती' लिहितं, कुणी नुसतंच 'धंदा'. कारकून मान वर न करता शिक्का मारतो. उच्च शिक्षणाकडे समाजशास्त्राच्या अंगानं पाहणाऱ्याला मात्र हा रकाना गुणपत्रिकेइतकाच वाचनीय वाटतो. महाविद्यालयं किती निघाली, हा एक प्रश्न. त्यांत कुणाची मुलं शिरली आणि कुठल्या भाषेच्या दारानं, हा दुसरा.

आपल्याकडे हा दुसरा प्रश्न बराच जुना आहे. १८८२मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी रोखठोक हिशेब मांडला होता: महसूल येतो राबणाऱ्या शेतकऱ्याकडून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. युरोपात समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेमनं फ्रान्समधल्या शिक्षणाच्या जडणघडणीवर व्याख्यानं दिली ती १९०४-०५मध्ये. परीक्षा सगळ्यांना एकच असली तरी घरून आलेली भाषा, पुस्तकं आणि बोलण्याची ढब एकसारखी नसते, हे पिएर बूर्द्यू आणि पासरों या समाजशास्त्रज्ञांनी फ्रेंच विद्यार्थ्यांविषयी मांडलं ते थेट १९६४मध्ये.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९मध्ये पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला. १९२४पासून तो सांभाळला गो. स. घुर्ये यांनी. घुर्ये मालवणचे, म्हणजे गोव्यातल्या पेडण्याहून तेरेखोल नदी ओलांडली की लागणाऱ्या मुलखातले. त्यांचे विद्यार्थी आय. पी. देसाई यांनी पुण्याच्या हायस्कुलांतली मुलं कोणत्या घरांतून येतात ते तपासलं. पुढे १९६७मध्ये एम. एस. गोरे, देसाई आणि सुमा चिटणीस यांनी शिक्षणाच्या समाजशास्त्रावरचे निबंध एकत्र आणले. चिटणीसांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची वाटचाल स्वतंत्रपणे अभ्यासली.

गोव्यात ही दृष्टी लावायची तर सुरुवात पोर्तुगीज काळापासून करावी लागते. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ची, लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय, १८५४चं. आशियातल्या जुन्या वैद्यकीय शाळांत तिचं नाव अभिमानानं घेतलं जातं. घ्यावंही. पण तिथून शिकलेला गोंयकार डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत चाले. खुद्द पोर्तुगालमध्ये वैद्यकी करायची तर त्याला तिथे पुन्हा शिकावं लागे. एकाच साम्राज्यात पदवीचे दोन भाव!

आत शिरणारे बहुतेक शहरातल्या, वरच्या जातींच्या ख्रिस्ती घरांतले. १९१०मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना सरकारी शाळा-नोकऱ्यांची दारं खऱ्या अर्थानं उघडली. पुढच्याच वर्षी फोंड्याला गोवा विद्याप्रसारक मंडळ निघालं. तरीही मराठी शिकलेली मुलं पुढच्या शिक्षणासाठी बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठत. ज्यांचं कुणी नातलग तिथे होतं, ती जात. बाकीची देवळाच्या अग्रशाळेत मास्तरांकडे मोडी गिरवून पेढीवर नाहीतर शेतावर.

१९ डिसेंबर १९६१ला राज्य बदललं आणि विद्येचं चलनही बदललं. आमच्या वाड्यावरच्या एका आजोबांनी लिसेंवचं पाचवं वर्ष पार केलं होतं. प्रिमेरो ग्राव ही प्राथमिक परीक्षा झालेल्यालाही कचेरीत खुर्ची मिळायची, तिथे हे तर क्विंतो आनोवाले. इंग्रजी मात्र जेमतेम. मुक्तीनंतर त्यांची पोर्तुगीज एकाएकी बिनकामाची झाली, आणि बेळगावला मॅट्रिक झालेला शेजारी त्यांचा साहेब झाला. नोटाबंदीच म्हणायची.

त्या वेळी साक्षर माणूस तिघांतला जेमतेम एक. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, बहुतेक मराठी. कूळ कायदा १९६४चा, मुंडकार कायदा १९७५चा. भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, भीती कमी झाली तसं त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराचं पोर पाटीवरून पुढे सरकलं. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही महाविद्यालयं १९६२मध्येच उभी राहिली होती, दोन्ही खाण-उद्योगातल्या घराण्यांच्या नावांची. ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली असल्यानं अभ्यासक्रमही मुंबईचाच.

पण दक्षिण टोकाच्या काणकोणहून मडगावला रोज जायचं कसं? १९७८-७९च्या सुमाराचं विद्यार्थ्यांचं आंदोलन बसच्या अर्ध्या तिकिटासाठी होतं, हे मला फार बोलकं वाटतं. फी परवडली तरी तिकीट परवडत नव्हतं. आंदोलनानंतर सवलत मिळाली. गोवा विद्यापीठ १९८४च्या कायद्यानं स्थापन होऊन १९८५मध्ये सुरू झालं आणि ताळगावच्या पठारावर विसावलं. पुढे सांखळी, केपे, खांडोळा, पेडणे इथे सरकारी महाविद्यालयं आली आणि मुलींचा प्रवास आखूड झाला. आज महाविद्यालयांत मुलींची संख्या जास्त दिसते त्याचं निम्मं श्रेय तरी मी या जवळिकीला देतो. दुसरं कारण असं, की खाणपट्ट्यात बारावी होताच मुलगा ट्रकावर बसे.

भाषेची गाठ मात्र सुटली नाही. १९९०च्या धोरणानं अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांना बांधलं. मुलं पाचवीत इंग्रजीत उतरली आणि महाविद्यालयात पूर्ण इंग्रजीत. वर्गात गप्प बसलेली मुलगी तास संपल्यावर व्हरांड्यात गाठून कोकणीत नेमका प्रश्न विचारते. तो वर्गात का विचारला नाही, याचं उत्तर तिच्या गुणांत सापडत नाही.

अलीकडे त्या अर्जात आईच्या व्यवसायाचाही रकाना असतो. यंदा सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीनं तिथे आधी 'गृहिणी' लिहिलं. मग ते खोडून, शेजारी बारीक अक्षरांत, 'काजू कारखाना'.